खंडेनवमीची साफसफाई

माझं डोकं पटकन तापतं, हे आधीच सांगून टाकते. पुण्याजवळच्या सूसमधल्या एका मोठ्या सोसायटीत सांडपाण्याचा प्लांट मी सांभाळते. प्लांटच्या टोकाला डायजेस्टर आहे. म्हणजे हवाबंद टाकी. आत गाळ सोडायचा, जंतू तो खातात आणि गॅस सोडतात. त्या गॅसवर सफाईवाल्यांचा चहा व्हायचा. हे जंतू भारी नाजूक, औषध पडलं की मरतात.

माझ्या हाताखाली एक मामा होते, गावचेच. हे टॉवर उभे आहेत त्या जमिनीतली काही पूर्वी त्यांची होती. आता दोन म्हशी आणि प्लांटची ड्युटी, एवढंच उरलं होतं.

खंडेनवमीला आम्ही मशिनींची पूजा करतो. आदल्या दिवशी मी मामांना म्हणाले, "उद्या कमिटी येणार आहे. गाळाचा हौद घासून ब्लीचिंग मारा. जरासुद्धा वास येता कामा नये."

"तितं ब्लीचिंग चालतंय व्हय, म्याडम?"

"सांगितलं तेवढं करा हो!" मी खेकसले.

हौदातलं सगळं पंपानं थेट डायजेस्टरमध्ये जातं, हे मला काय माहीत नव्हतं? पण तेव्हा डोक्यात फक्त कमिटीचं नाक होतं. पूजा झकास झाली. पंपांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. अध्यक्ष म्हणाले, "वा, अजिबात वास नाही!" मी फुशारून गेले.

तिसऱ्या दिवशी चहाची शेगडी फडफडली आणि विझली. पीएच तपासला तर घसरलेला, म्हणजे जंतू मेले होते आणि आतला गाळ आंबत चालला होता. आत गाळ सोडणं बंद केलं, चुना कालवून घातला. पण रोजचा गाळ थांबतो थोडाच? तो साठवायची टाकी आठवड्यात भरणार होती, आणि पुढे सगळी घाण तळघरातल्या पार्किंगमध्ये.

संध्याकाळी कमिटीनं बोलावलं. ब्लीचिंगनं जंतू मेले, एवढं मी सांगितलं. "ब्लीचिंग टाकलं कोणी?"

मी बोलणारच होते, असं मी स्वतःला अजून सांगते. तेवढ्यात मामा म्हणाले, "म्या टाकलं."

खोटं नव्हतंच ते. टाकायला कोणी सांगितलं, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. उद्यापासून येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. मी हातातला पीएचचा कागद वाचत बसले. एरवी टाचणी पडली तरी ओरडणारी मी! लाज वाटत होती, तरी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर मामा उभे. मोपेडवर शेणाचे दोन डबे. वॉचमन अडवत होता.

"मला आत नगा सोडू, पर शेण तेवढं घ्या," ते म्हणाले. "ताजं हाय. टाकीला उठवंल."

टाकी पहिल्यांदा सुरू केली तेव्हाही त्यांच्याच म्हशींचं शेण घातलं होतं, दुधाला विरजण लावतात तसं. मी डबे घेतले. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मग रोज सकाळी तेच. ते गेटबाहेर, मी आत, मधे डबे. रोज काडी ओढायची, रोज शेगडी गप्प. साठवणीचा गाळ तेवढा चढत होता. मला ना जेवण जात होतं, ना झोप लागत होती.

सातव्या दिवशी साठवणीची टाकी भरायला चार बोटं राहिली. पहिली काडी विझली. दुसरी ओढली आणि शेगडीनं निळी ज्योत धरली. मी तिथेच खाली बसून रडले. मग मामांना फोन लावला.

"मामा, पेटलं हो! पेटलं!"

पलीकडे म्हैस ओरडत होती.

"ब्येस झालं, म्याडम," मामा म्हणाले. "तुमची तरी नोकरी ऱ्हायली."