सतरा नंबरचं कुलूप

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे झटकाबाई म्हणतात, कारण तिचं कामच ते. इलेक्ट्रॉनिक कुलपातली चिप आपण दाबलेला आकडा तपासत असताना नेमक्या त्या क्षणी तिचं व्होल्टेज झटकन खाली ओढलं, तर ती गोंधळते आणि चुकीच्या आकड्यालाही बरोबर म्हणते. तसं होऊ नये म्हणून चिपमध्ये एक पहारेकरी असतो. वीज डगमगली की तो तिला जागीच थांबवतो. बाई दिवसभर चोरासारखे झटके देऊन हा पहारेकरी जागा आहे ना, ते बघते.

बाई मुळात भित्री. गॅस बंद केला का, हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून घरी परत जाणारी. मी तिला चिडवते खरी, पण तिच्या भिण्यावरच आमची कंपनी चालते.

दोन महिन्यांपूर्वी तिची धाकटी बहीण मारकुट्या नवऱ्याला सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेली. नवरा मोबाइल दुरुस्त करणारा, डोक्यात कायम राख घालून घेतलेला. "शोधून काढीन," म्हणाला होता. बाईने बहिणीच्या दाराला आमचं कुलूप बसवलं, आणि तेही नवंकोरं नव्हे. महिनाभर स्वतः झटके देऊन पारखलेलं, सतरा नंबरचं. "नव्याचा काय भरवसा? याला मी ओळखते." दाराची जुनी गंजकी कडी ती काढायलाच निघाली होती. बहीण म्हणाली, "असू दे गं."

मंगळवारी दुपारी बाईच्या टेबलाच्या खणाखाली चिकटलेली पिवळी चिठ्ठी मला सापडली. तिच्यावर सतरा लिहिलं होतं. चाचणीसाठी ज्या कुलपाचा पहारेकरी बंद केलाय, त्यालाच आम्ही पिवळी चिठ्ठी लावतो. असा बंद पहारेकरी झटके नुसते मोजतो, अडवत नाही.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मी तो परत चालू केलाच नाही."

बहिणीने फोन उचलला, "मी बरी आहे गं ताई," म्हणाली, तरी बाईचे पाय थांबेनात. मीही तिच्यामागे धावले.

खोलीवर पोचलो तेव्हा बहीण भाजी चिरत होती. बाईने दार लावून घेतलं आणि कुलपाला आतल्या बाजूने केबल जोडली. बसवताना मोजणी शून्य केली होती. आता मोबाइलवर आकडा आला, एकेचाळीस.

माझी पाचावर धारण बसली. आतली बॅटरी संपली तर बाहेरून दुसरी टेकवता यावी म्हणून कुलपाखाली दोन पितळी ठिपके असतात. झटके तिथूनच देता येतात. कुणीतरी एकेचाळीस वेळा प्रयत्न करून गेलं होतं.

"जगाची कुलपं तपासते मी," बाई रडतच म्हणाली, "आणि माझ्याच दिव्याखाली अंधार!"

"ताई, मग आता कर की चालू."

"करतेय. दोन मिनिटं लागतात."

आकडा बदलला. बेचाळीस.

तिघींनी दाराकडे पाहिलं. बाहेर काहीच हालचाल ऐकू येत नव्हती. त्रेचाळीस झाले. मी पोलिसांना फोन लावला. बाईने केबल टाकून दिली, दोन्ही हातांनी गंजकी कडी सरकवली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

कुलूप खटकन उघडलं. दार बोटभर हललं आणि कडीला अडलं.

"ताई," फटीतून मेहुण्याचा अगदी शांत आवाज आला, "कुलूप तुमच्या हातचं ना? त्यावरूनच तर दार ओळखलं मी."