येते म्हणून जावं

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. शिंप्यांकडचे शर्ट घरी आणायचे, काजं करायची, बटणं लावायची. यातच डोळे अधू झाले नि मुलगा मोठा झाला. तो परदेशी गेला, तिथंच संसार थाटला, आणि गेल्या वर्षी तिथंच वारला. आता सून पाच वर्षांच्या नातीला घेऊन दोन दिवसांसाठी येणार होती. नातीला इंग्रजीखेरीज दुसरं काही कळत नव्हतं.

काजवालीनं शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांना गाठलं. "मास्तर, मला येण्याचं क्रियापद शिकवा."

"एकच? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"पोर जवळ आली की झालं. पुढचं माझे हात बोलतील."

मास्तरांनी 'कम' शिकवलं. कम हिअर, कम इन, कम बॅक. उठताना ती म्हणाली, "येते हं. आय कम."

मास्तर हसले. "निघताना इंग्रजीत 'गो' म्हणतात. जातो म्हणूनच सांगतात."

"उंबऱ्यावर? तोंडावर? बाई गं! घरचे ऐकून घेतात?"

'गो' ती शिकलीच नाही.

नात आली. "कम हिअर," म्हणताच धावत येऊन मांडीवर बसली, ती बटणांचा डबा रिकामा होईस्तोवर उठली नाही. बापासारखीच जीभ बाहेर काढून बटणं ओवत होती.

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, मी लग्न करतेय. आता इकडे येणं व्हायचं नाही."

नातीच्या कोटाचं सैल बटण काजवाली घट्ट करत होती. "पोरीला जीव लावतो ना?"

"लावतो."

"मग कर गं बाई. सुखानं कर." बटण पक्कं झालं होतं, तरी ती टाके घालतच राहिली.

गाडी दारात आली. नात हात हलवत म्हणाली, "वी आर गोइंग!"

काजवाली खाली वाकली. "गो नाही, राणी. आय कम म्हण."

"आई, तिकडे तसं म्हणत नाहीत," सून हळूच म्हणाली.

"इथं म्हणतात. तिचा बापही येतो म्हणूनच गेला होता."

सुनेनं मान फिरवली. मग लेकीच्या कानात काहीतरी सांगितलं.

"आय कम," नात म्हणाली.

"ये हो, बाळा."

गाडी वळणापार गेली. मास्तर आपल्या दारात उभे होते. "काय म्हणाली पोर?"

"येते म्हणाली. इंग्रजीत."

मास्तरांनी जन्मभर पोरांच्या चुका सुधारल्या होत्या. ही त्यांनी तशीच राहू दिली.