साहेबांच्या पायाशी केलेली सही

मंजू, कान दे जरा इकडे. तीन वर्षांत दोन ओळी लिहायला फुरसत झाली नाही तुला, आणि पत्र आलं ते काय, तर 'आजी, आमच्या आजोबांचा तो सहीचा फोटो तुमच्याकडे असेल तर पाठवून द्या.' पाठवून द्या म्हणे! शेजारच्या पोरीला सांगून हे लिहवतेय, आधी आजोबा कोण होते ते ऐक. तू त्यांना पाहिलंच नाहीस.

आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. सियागंजच्या मागे त्यांची आणि आमची खोली भिंतीला भिंत लावून. होळकरांच्या वेळेपासून ते बिजलीघरात लाइनमन. खांबावर चढण्याआधी खांबाला नमस्कार. कुणी हसलं की म्हणत, "अरे भिया, तारेला आधी हात जोडायचे, मग हात लावायचा. उलटं केलंस तर तुझ्या फोटोला आम्हाला हात जोडावे लागतील."

शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं त्यांनी. काम शिकवलं ते बडे साहेबांनी. आमच्या भागात पहिल्यांदा बिजलीच्या तारा आणणारे इंजिनिअर ते. नोकरी संपवून जाताना साहेबांनी आपला फोटो अप्पांना दिला आणि खाली, बुटांपाशी, इंग्रजीत एक ओळ लिहून सही केली. मी चौथीपर्यंतच शिकलेली, पण साबणाच्या वेष्टनांवरची अक्षरं लावत लावत इंग्रजी वाचायला लागले होते. अर्धा तास लागला, पण वाचलं. 'माझ्या तारा माझ्यापेक्षा जास्त ओळखणाऱ्या गोविंदरावांस.' गोविंदराव म्हणजे आपले अप्पाच. ते म्हणाले, "फिर से वाच." पाच वेळा वाचलं. शेवटी काकू, म्हणजे तुझी आजी, आतून ओरडली, "अहो, त्या पोरीला जेवू द्या आता!"

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं पुजतात. अप्पा पकड, पेचकस, दोर मांडत आणि मधोमध साहेबांचा फोटो, तोही चौकटीतून बाहेर काढून. काकू म्हणे, "काचेवरून लावा ना गंध." तर म्हणत, "काचेला गंध लावून काय करू? साहेब आत आहेत." मग पाय धुवावेत तसं ओलं बोट फिरवायचं, वर हळद, कुंकू, फूल. सगळं पायाशी. पूजा पायाशीच करतात ना गं? आम्हालाही कधी वावगं वाटलं नाही.

मग संस्थान गेलं, मध्यभारत झालं. नव्या कचेरीतून हुकूम आला, लाइनमन राहायचं तर शिकल्याचा कागद दाखवा, नाहीतर मजुरांत जा. बडे साहेब तोवर वारले होते. तरी अप्पा खुशीत. "कागद कशाला? मेरे पास तो साहब खुद है!" इंग्रजी येतं म्हणून मलाही सोबत नेलं.

अधिकाऱ्यांनी फोटो खिडकीपाशी धरला. "सही किधर है?"

"तिथंच आहे साहब. चरणों में."

"यहाँ तो हल्दी है."

अप्पांनी उपरण्याच्या टोकाने हळूच पुसलं. हळदीखाली नुसता पुठ्ठा. मी पुढे होऊन म्हटलं, "साहब, मैंने पढ़ा है. पाँच बार." माणूस वाईट नव्हता गं. हळहळला. म्हणाला, "बेटी, तेरा पढ़ना फाइल में कैसे लगाऊँ?"

परतताना अप्पा रस्ताभर एवढंच बोलले, "माझ्याच बोटाने गं."

गौतमपुऱ्याकडे खांबांचे खड्डे खणायला पाठवलं त्यांना. वर चढणारी माणसं अप्पांनीच तयार केलेली. ती लाजेने खाली बघायची नाहीत. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन अर्ज धाडले, उत्तर आलं नाही. पुढच्या दसऱ्याला फोटो पुन्हा बाहेर निघाला तेव्हा म्हटलं, "अप्पा, आता तरी काचेवरून." तर म्हणाले, "आता काय पुसायचं राहिलंय?" दुसऱ्या उन्हाळ्यात खड्ड्याच्या काठावर दम खायला बसले, ते उठलेच नाहीत.

माहेरी जाताना काकूने फोटो माझ्या हातात दिला. "ठेव तुझ्याकडे, मला बघवत नाही." पुढे ओल लागली, आता साहेबांचा चेहराही गेला. पाठवला तर तुला पिवळा पुठ्ठा तेवढा मिळेल. तिथे काय लिहिलं होतं ते पाहिलेली मी एकटी उरले, आणि माझे डोळे आता सुधारायचे नाहीत, डॉक्टरांनी साफ सांगितलंय. पण कोणता शब्द कुठे होता ते मला पाठ आहे. तुझं बोट धरून त्या जागेवरून फिरवीन. तेवढ्यासाठी ये, बाई. दिवाळीची वाट बघू नकोस.