डबीत नसलेलं वचन

पवित्र शास्त्रातलं वचन उचलून समोरच्या माणसाच्या डोक्यात घालण्याची कला माझ्या मावशीच्या यजमानांइतकी, म्हणजे आमच्या काकांइतकी, अख्ख्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात कुणाला साधली नव्हती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. शपथ वाहू नये असंही शास्त्रात सांगितलेलं आहे आणि काकांनी ते मला किमान वीस वेळा ऐकवलं आहे, तरीही तयार आहे. आमच्या समाजात चांगले चांगले पाळक झाले, पण त्यांचा उपदेश रविवारी देवळात सुरू व्हायचा आणि देवळातच संपायचा. काकांचा रविवार आठवडाभर चालायचा. ते पिंपरी पेंढारला प्राथमिक शाळेत मास्तर होते. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच, जवळचं देऊळ जुन्नरला, त्यामुळे त्यांना आवरायला कुणी पाळक हाताशी नव्हता आणि गावाला पळायला जागा नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी एक डबी होती. वचनांची डबी आमच्या पुष्कळ घरांत असते. छापलेल्या चिठ्ठ्या असतात, सकाळच्या प्रार्थनेला एक काढायची, वाचायची आणि कामाला लागायचं. काकांना छापील डबी पसंत नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी स्वतःची डबी तयार केली. बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा घेतला, शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापल्या आणि ओटीवर येरझाऱ्या घालत एकेक वचन सांगितलं. लिहून घेतलं मावशीनं. मावशी सातवी शिकलेली, पण अक्षर मास्तरांच्या अक्षरापेक्षा देखणं. वर्षाच्या दिवसांइतक्या चिठ्ठ्या झाल्या, वर लीप वर्षासाठी एक जादा. निवड काकांची आणि हात मावशीचा, अशी ती डबी.

तिचे नियम कडक होते. डोळे मिटून हात घालायचा. पहिली बोटाला लागेल तीच चिठ्ठी काढायची. ती मोठ्यानं वाचायची, सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणायचं, आणि त्या दिवशी ते वचन जगण्याला लावायचं. नको असलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. मी एकदा लहानपणी टाकली होती, तर काकांनी मला अर्धा तास उभं करून, देवाच्या वचनात कानामात्रेचाही बदल करणाऱ्याचं पुढं काय होतं ते सांगितलं. संध्याकाळी काका भेटेल त्याला विचारायचे, “काय, वचन लागू पडलं का?” डॉक्टर औषधाचं विचारतो तसं. समोरचा माणूस बिचारा ऊस तोडून दमलेला असायचा. त्याला वचन ठाऊक नसायचं आणि तो ख्रिस्तीही नसायचा. तरी “पडलं, मास्तर” म्हणायचा. तसं म्हटलं की सुटका लवकर होते, हे सगळ्या गावाला अनुभवानं कळलं होतं.

एकदा शेवटचे ते पहिले होतील, या अर्थाची चिठ्ठी निघाली. त्या दिवशी त्यांना पुण्याला माझ्या चुलतभावाच्या लग्नाला यायचं होतं. आळेफाट्यावर ते एसटीच्या रांगेत मुद्दाम शेवटी उभे राहिले. मागून कुणी आलं की त्याला पुढं करून पुन्हा शेवटी. अशा तीन गाड्या सोडल्या. कार्यालयात पोचले तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. काकांना त्याचं काडीचं दुःख नव्हतं. “लागू पडलं,” म्हणाले आणि उरलेल्या जिलेबीची चौकशी केली. वाण्याच्या दुकानात खऱ्या-खोट्या वजनांचं वचन घेऊन गेले, तर आमचे मारवाडी शेठ हात जोडून म्हणाले, “मास्तर, आमच्यातबी हेच सांगत्यात. तुमी काटा तुमच्याकडं फिरवून घ्या.” काकांनी खरंच फिरवून घेतला. काटा बरोबर निघाला. साखर घेऊन, शेठला आशीर्वाद देऊन ते परत आले.

मंचरला मी मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळून देण्याचं, दुकान टाकलं तेव्हा उपकारस्तुतीची प्रार्थना करायला मी हौसेनं त्यांनाच बोलावलं. डबी पिशवीतून आली. चिठ्ठी निघाली, ती सूर्याखालचं सगळं काही व्यर्थ असल्याची. दुसरा कुणी असता तर खोकला काढून वेळ मारून नेली असती. काकांनी पाऊण तास माझं दुकान, माझी लेथ, माझा नवा बोर्ड आणि बाहेर चहासाठी थांबलेली मंडळी, यांतली एकेक गोष्ट कशी व्यर्थ आहे ते पटवून दिलं. माझं पहिलं गिऱ्हाईक बंद पडलेली पाण्याची मोटार घेऊन आलं होतं, ते ती मोटार पुन्हा उचलून निघून गेलं.

मग बिबट्याचं. उसात बिबटे वाढले होते आणि सगळं गाव जनावरं आत बांधत होतं, त्याच दिवसांत चित्ता करडाशेजारी बसेल हे वचन निघालं. काकांनी मावशीचं लाडकं करडू त्या रात्री अंगणात बांधलं. सकाळी नुसतं दावं होतं. “वचन खरंच आहे,” काका म्हणाले, “फक्त त्याचा काळ अजून आला नाही.” मावशी दावं गुंडाळत म्हणाली, “करडाला वचन ठाव व्हतं, मास्तर. बिबट्याला कुनी वाचून दावलंच न्हाई.” आम्ही पोट धरून हसलो होतो. ही गोष्ट सांगून मी पुढं कितीतरी वर्षं लोकांना हसवलं आहे. आता सांगवत नाही.

कारण पुढं मावशीचे डोळे गेले.

आधी ती चौकटीला खांदा आपटायला लागली. मग चहा कपाच्या शेजारी ओतायला लागली. नारायणगावला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं मी तिला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. एक डोळा जवळजवळ गेलाय, दुसरा वाचवता येईल, पण ऑपरेशन लवकर करा, या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. पुण्याच्या दवाखान्याची तारीखही मिळाली. काका तेव्हा शहाण्यासारखं “बरं” म्हणाले होते.

ठरल्या दिवशी सकाळी मी मित्राची जीप घेऊन दारात हजर. मावशी इस्त्रीची साडी नेसून, भाकरीचं गाठोडं पिशवीत घालून तयार. फक्त प्रार्थना उरली होती. काकांनी डोळे मिटून डबीत हात घातला आणि निघालेली चिठ्ठी दोनदा वाचली. विश्वासाने चालायचं, डोळ्यांना दिसतं त्याच्या भरवशावर नाही, असं ते वचन. “इतकं स्पष्ट!” म्हणाले. “इतकं स्पष्ट तो माझ्याशी आजवर बोलला नव्हता. आज जायचं नाही. वाट पाहायची.”

मी म्हणालो, “काका, त्या वचनाचा अर्थ असा नाही.”

“अर्थ तू सांगणार? तारा गुंडाळणारा?”

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “मग बसा वाट बघत.” जीपकडं वळलो तेव्हा मावशी पिशवी घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, “जायाचं न्हाई का रं?” तिनं ते मला विचारलं होतं, काकांना नाही.  मी गाडी चालू केली आणि मंचरला येऊन दुकान उघडलं.

नंतर काकांनी काय करायचं बाकी ठेवलं नाही. तेल लावून प्रार्थना केल्या, इतके उपास केले की सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. दीड वर्षात दुसराही डोळा गेला. शेवटी तेच तिला एसटीनं पुण्याला घेऊन गेले आणि डॉक्टरांनी जे सांगायचं तेच सांगितलं.  दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावाला वचन लावणं सोडून दिलं. शेठनी मला मुद्दाम फोन केला, “मास्तर बरे हायेत ना? दोन महिने झाले, मला काईच बोलले न्हाईत.”

मला मात्र त्यांच्या गप्प बसण्यानं काही समाधान नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून आहे. मी दर पंधरवड्याला पिंपरी पेंढारला जायचो ते मावशीला भेटायला, पण त्याहून जास्त एक वाक्य ऐकायला. ‘माझं चुकलं’ एवढंच. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. ते भाकरी थापायला शिकले, तिची वेणी घालायला शिकले, तिला हाताला धरून परसात न्यायला शिकले. भाकऱ्यांचे नकाशे व्हायचे. मावशी तेही मुकाट्यानं खायची. आणि सकाळची डबी तेवढी चालू राहिली.

एकदा मी दोन दिवस मुक्कामाला होतो. पहिल्या सकाळी काकांनी चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि वाचलं: आपले अपराध एकमेकांजवळ कबूल करावेत, एकमेकांसाठी प्रार्थना करावी, म्हणजे बरं होता येतं. मावशी म्हणाली, “आमेन.” मी म्हटलं नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा चिठ्ठी, पुन्हा चष्मा, पुन्हा तेच वचन, आणि पुन्हा मावशीचं “आमेन”. मला शंका आली. काका परसात गेल्यावर मी पाटावरची चिठ्ठी उचलून पाहिली. मावशीच्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं की आळशी माणसानं मुंगीकडं जाऊन शहाणपण शिकावं.

मला अगदी आसुरी आनंद झाला. कानामात्रेच्या बदलासाठी पोराला अर्धा तास उभं करणारा माणूस आंधळ्या बायकोला रोज खोटं वाचून दाखवतो! मी तडक मावशीकडं गेलो. ती ओटीवर चाचपून वाटाणे सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं.

“ठाव हाय मला,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे?”

“चिठ्ठ्या म्या लिव्हल्यात. त्या वचनाची चिठ्ठी डबीत न्हाईच. मास्तरांनी ते मला लिवायला सांगितलंच न्हवतं.” तिनं एक शेंग सोलली. “वरीस झालं, रोज त्येच वाचत्यात.”

“मग तू बोलत का नाहीस?”

“बोलले तर थांबतील ना,” मावशी म्हणाली. “मला रोज ऐकायचं हाय.”

मी तिथंच बसून राहिलो. माझ्या आनंदाचं काय करावं ते मला कळेना. परसातून काका आले आणि मला म्हणाले, “नुसता बसलायस काय, सोलू लाग.” मी सोलू लागलो.

असं त्यांनी आणखी चार वर्षं वाचलं. एका सकाळी चष्मा लावायला उठलेच नाहीत. जुन्नरला माती दिली तेव्हा बिनख्रिस्ती पिंपरी पेंढारनं दोन टेम्पो भरून माणसं आणली होती आणि शेठ पुढच्या टेम्पोत उभे होते. पाळकांनी छान उपदेश केला. तो कुणालाच लागू पडत नव्हता, आणि मला नको असताना काकांची फार आठवण झाली.

मावशीला मी मंचरला घेऊन आलो. वाटेत डबी तिच्या मांडीवर होती. पहिल्या सकाळी चहा झाल्यावर तिनं ती माझ्याकडं सरकवली. “वाच.”

मी डोळे मिटून हात घातला. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नये, अशी चिठ्ठी निघाली. मी ती हातात धरून बसलो. मला ती पिशवी दिसत होती, इस्त्रीची साडी दिसत होती. डबीनं मला अडवलं नव्हतं. काकांनीही काही माझा हात धरला नव्हता. मावशीला उचलून जीपमध्ये बसवायला त्या सकाळी मला फक्त चार पावलं चालायची होती, आणि मी माझा अपमान कवटाळून निघून गेलो होतो. काकांचं वाक्य ऐकायला मी एवढी वर्षं खेपा घातल्या; माझं वाक्य कुणीच मागितलं नव्हतं.

मी बैलाची चिठ्ठी समोर धरली आणि वाचलं: आपले अपराध एकमेकांजवळ कबूल करावेत, एकमेकांसाठी प्रार्थना करावी, म्हणजे बरं होता येतं.

मावशीनं लगेच आमेन म्हटलं नाही. तिचा हात टेबलावरून चाचपत माझ्या हातापर्यंत आला.

“जीपच्या दिसाचं म्हनतुयास?”

“हो.”

“म्या दारात व्हते,” ती म्हणाली. “तुझी गाडी वळंपर्यंत दिसत व्हती मला. तवा दिसत व्हतं.”

 मग ती म्हणाली, “आमेन.” आणि कप पुढं सारत म्हणाली, “उद्याबी हेच वाच.”

त्याला आता कितीतरी दिवस झाले. रोज चिठ्ठी वेगळी निघते आणि वाचलं जातं ते तेच एक वचन. काका असते तर संध्याकाळी दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं असतं, काय, लागू पडलं का? पडतंय, काका. सावकाश पडतंय.