आजोबाचं तोंड

मावशीच्या हाताखालून गेलेला माणूस तिला विसरत नसे, आणि त्यात प्रेमाचा भाग बेताचाच. चर्चच्या मागच्या खोलीत जुन्या मोज्यांच्या बाहुल्या शिवून तिनं मुलांना गोष्टी सांगायला सुरुवात केली, तेव्हा सगळा हसण्याखिदळण्याचा मामला होता. मग वेगवेगळ्या चर्चच्या मंडळांमध्ये बाहुल्यांच्या खेळाच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि बाईचं डोकंच फिरलं. पडद्यामागे हात वर धरून उभं राहायचं, बाहुली बोटभर खाली सरकली की मावशी अंगावर धावून यायची. चर्चचा रखवालदार हौसेनं तालमीला यायचा, पण बोलताना अडखळायचा. त्याला तिनं सगळ्यांदेखत पडदा ओढायला बसवलं. "दया घरी करा, इथं मार्क मिळवायचेत," म्हणाली. बिचारा पुन्हा फिरकला नाही.

तिची स्वतःची बाहुली म्हणजे आजोबा. टकलू, कापसाच्या मिशा, आणि तिच्याच घोगऱ्या आवाजात तिरकं बोलणं. मुलं त्याच्यावर जीव टाकायची. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एकट्या बाईला तेवढंच माणूस होतं म्हणा ना. दुसरी भाची, जिला तिनंच वाढवलं आणि मंडळात घेतलं.

पुढे मावशीला कमी ऐकू यायला लागलं. संवाद आधी रेकॉर्ड करून लावायचे असत, आणि परीक्षक बाहुल्यांच्या तोंडावर डोळे लावून बसत. शब्दाबरोबर तोंड उघडलं पाहिजे! आजोबाचं वाक्य संपायचं आणि मग त्याचे ओठ हलायचे. दोन वर्षं पहिल्या नंबरची ढाल हुकली ती त्याच्यामुळेच. मंडळ आता भाचीच्या हातात होतं.

स्पर्धेच्या दिवशी, पडदा उघडायच्या जरा आधी, मावशीनं आजोबात हात घातला. तोंड उघडेना.

"अगं, हे कुणी शिवलं?"

"मी," भाची तिच्या कानाशी येऊन म्हणाली. "आजोबा झोपलाय या वेळी. तू नुसता हात वर धर."

"तालमीत त्याची वाक्यं होती की!"

"काल काढली. आधी सांगितलं असतं तर रडारड केली असतीस. तुझ्यापायी सगळ्यांनी किती वर्षं हरायचं, मावशी?"

बाकीचे दुसरीकडे बघत राहिले. एकजण फिदकन हसला.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात खाली घ्यायचा, बस! बाहुली गडप झाली की मार्क कापणार, सगळ्यांची चांगली जिरणार. खांद्यातून कळा येतच होत्या, निमित्तही आयतं होतं. पण ती मेली ढाल तिलाही हवी होती. सांगणार कुणाला? दातओठ खात तिनं हात तसाच धरला, शेवटपर्यंत.

ढाल मिळाली. भाचीनं मिठी मारून तिच्या कानात ओरडून सांगितलं, "परीक्षक म्हणाले, म्हातारा काय मस्त झोपला होता! पुढच्या वर्षीही असाच ठेवू." मावशी हसलीसुद्धा. करणार काय?

तेवढ्यात मुलांचा घोळका आला. त्यातली सगळ्यात धाकटी पोर पुढे घुसली. मावशीकडे ती कधी ढुंकून बघत नसे, काय ते सगळं आजोबालाच सांगायची.

"आजोबा, उठा ना! बोला ना माझ्याशी!"

मावशीनं दुखरा हात कसाबसा वर केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काय गं टवळे, झोपूसुद्धा देत नाहीस?"

पोरीनं आजोबाच्या शिवलेल्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग मान वर करून मावशीच्या तोंडाकडे बघितलं.

"हा नाही बोलत," ती म्हणाली. "तूच बोलतेस."

आणि ढाल बघायला पळाली.