स्लॅबवरची गाय आणि खालची गार खोली

आमच्या स्लॅबवर गाय चढली तेव्हा तिच्या बरोबर खाली माझ्या सासूबाई दुपारची झोप घेत होत्या. दोघींवरही ही वेळ मीच आणली, असं पुढे आमच्या किन्हवली गावात एकमताने ठरलं.

आमचं घर आधी कौलारू होतं. स्लॅबचा आग्रह माझा. काम हाती घेतलं की मी ते क्रमाने उरकते. कौलं उतरवली, स्लॅब पडला, रंग झाला. पुढे वैशाख येतो, एवढंच यादीत राहून गेलं. सासूबाईंची खोली पश्चिमेची. तिथला पंखा रात्रभर स्लॅबची धग इमानेइतबारे खाली आणून द्यायचा. आई ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "सूनबाईनं घर झकास बांधलाय. भाकरी थापून नुसती भिंतीला लावायची. चूल नको नि गॅस नको."

तेही मी ऐकून घेतलं असतं. पण एक दिवस त्या म्हणाल्या, "मी मंदीकडं जाते मुरबाडला. तिचा घर थंड हाय."

मंदा माझी धाकटी जाऊ. तिचं घर अजून कौलारू आहे, कारण आमचे दीर दरवर्षी 'पुढच्या वर्षी बांधू' म्हणतात. (आळसाला एवढी गार सावली असते, हे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही.) आणि थोरल्या सुनेच्या घरातून सासू उठून गेली, तर गाव उन्हाळ्याला दोष देत नाही. आईंना थांबवायचंच, असं मी ठरवलं.

कूलरला पाणी लागतं, आणि आमच्याकडे ते टँकरने येतं. तानसा धरणाचं पाणी आमच्याच तालुक्यातून मुंबईला जातं. वाटेत कुणाकडे थांबत नाही. तेव्हा मी स्लॅबवर चुना मारून घेतला, खिडकीला ओला पडदा लावला आणि वर वीतभर जाडीचा भाताचा पेंढा पसरला. त्यावर रोज भांडी विसळलेलं पाणी शिंपडायचं. आमचे हे म्हणाले, "छान." (ह्यांचा हातभार एवढाच.)

तिसऱ्या दिवशी आई दुपारी घोरल्या. उठून म्हणाल्या, "आज जरा बरा वाटला." इतक्या वर्षांच्या संसारात हे मला मिळालेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक.

ते एक दिवस टिकलं. शेजारच्या धर्माभाऊंची गाय, चांदी, उन्हाळ्यात वाळलेल्या बांधांवर तोंड मारून कंटाळली होती. तिला ओल्या पेंढ्याचा वास लागला. आमचा जिना बाहेरून, त्याला फाटक नाही. फाटक करायचं ह्यांच्याकडे होतं.

"वर कोण नाचतंय गो?" आईंनी आतून विचारलं.

"वारा असेल, आई."

"वाऱ्याला खूर हायेत का?"

मी वर गेले. चांदी आईंच्या पलंगाच्या नेमकी वर, टाकीच्या सावलीत उभी राहून त्यांची झोप शांतपणे चघळत होती. धर्माभाऊ आले आणि निवांत म्हणाले, "वयनी, जनावर जिना चढतं. उतरत नाय."

"मग आता?"

"आता ऱ्हाऊ द्या. चारा हाय, पाणी हाय. खाली तरी काय हाय तिला?"

अर्ध्या तासात अंगणात गाव जमलं. एक म्हणाला जेसीबी आणा, दुसरा म्हणाला पेंढा खाली टाका, ती आपोआप उडी मारेल. सगळ्यांना चहा मीच केला. ह्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवस गाय वर आणि आई तिच्या खाली. तिने पाय बदलला की आई कूस बदलायच्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर आणि मंदा रिक्षा घेऊन हजर. मंदा गोड आवाजात म्हणाली, "ताई, तुमी किती करता. बघवत नाय."

आई पिशवी भरूनच बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, गाय उद्या उतरवतोय. थांबा ना."

"तू लय केलंस गो," त्या रिक्षात बसत म्हणाल्या. "आता जरा झोपू दे."

सकाळी जिन्यावर फळ्या आणि वाळूच्या गोण्या टाकून उतार केला, चांदीच्या डोळ्यांवर खिडकीचा पडदा बांधला आणि आठ जणांनी तिला मागून-पुढून धरून खाली आणलं. गावाने टाळ्या वाजवल्या. गायीसाठी.

वरचा पसारा आवरायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. पेंढा, चुना आणि शेण चांदीने इतकं घट्ट तुडवलं होतं की उन्हात त्याचा जाड थर बसला. चार दिवसांनी केर काढायला आईंच्या खोलीत गेले, तर खोली गार. देवळाच्या गाभाऱ्यासारखी गार!

मी लगेच मुरबाडला फोन लावला. "आई, या आता. छान झोप लागेल."

"इथं लागते की," त्या म्हणाल्या. "तू झोप तिथं."

तिथं कशी झोपणार? ओट्यावरच्या बायका आधीच म्हणत होत्या, सासूला घालवली नि खोली घेतली. त्यामुळे त्या गार खोलीत आता आमचे हे झोपतात. ते मुलगा आहेत, त्यांना कोण काय म्हणणार? मी बाहेरच्या खोलीत घामाने निथळत पडते. आणि गावाला नीट दिसावं म्हणून खिडकी सताड उघडी ठेवते.