मास्तरांनी बेतलेलं दार

गल्लीच्या टोकाच्या त्या बैठ्या घरात दोन उद्योग चालत. एका अंगाला मास्तरांचं शिवणकामाचं दुकान, दुसऱ्या अंगाला मोठ्या बाईंची शाळा, आणि मध्ये एक भिंत. आता मास्तर म्हणजे शिकवणारे नव्हेत बरं का. मास्तर शिंपी, आणि शिकवणारी त्यांची बायको. नवा पालक हमखास दुकानात शिरे, मूल पुढे करून म्हणे, "मास्तर, याला घ्या." मास्तर गळ्यातली टेप काढून आधी त्या पोराची छाती मोजत आणि मग शांतपणे सांगत, "शाळेसाठी असेल तर पलीकडच्या दाराने जा. सदरा हवा असेल तेव्हा इकडे या."

शाळा काही कुणी ठरवून काढली नव्हती. गल्लीतल्या कामाला जाणाऱ्या आया पोरांना दुकानात बसवून जात. "मास्तर, जरा लक्ष ठेवा हं!" पोरं चिंध्यांत लोळत, बटणं गिळायला बघत. बाई लग्नाआधी शिक्षिकेचं शिक्षण घेतलेल्या. त्यांनी पोरांच्या हातातली बटणं काढून घेतली आणि त्याच बटणांवर बेरीज शिकवली. पुढे पाट्या आल्या, बाकं आली, सून आली तीही शिक्षिकाच. ती 'धाकट्या बाई' झाली. एक वर्ग बाहेरच्या खोलीत धाकट्या बाईंचा, एक आतल्या खोलीत मोठ्या बाईंचा. देवाने एक दार बंद केलं की तो दुसरं उघडतो म्हणतात. बाईंच्या शाळेला मात्र एकच दार होतं, आणि घोडं अडलं ते तिथेच.

कारण खाजगी शाळांची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी नाही ती शाळा नव्हेच. तिथल्या पोराचा दाखला मोठ्या शाळेत चालायचा नाही. बाईंच्या वरच्या वर्गातली पोरं पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जायची होती. शिक्षण खात्याचे साहेब येऊन बघून गेले, पाणी बघितलं, संडास बघितले, दोघींची प्रमाणपत्रं बघितली, आणि एका वर्षाची तात्पुरती नोंदणी देऊन म्हणाले, "सगळं छान आहे बाई. पण आतल्या वर्गाला बाहेर पडायला दुसरी वाट नाही. उद्या आग लागली तर? वर्षभरात वाट करा, नाहीतर मला मान्यता देता येणार नाही."

बाई रात्री देवापुढे हात जोडून बसल्या. मागणं एकच. "माझं राहू दे, पोरांचं वर्ष वाया घालवू नकोस रे बाबा."

वाट निघण्यासारखी जागा एकच होती. मधली भिंत फोडायची, आतल्या वर्गातून थेट दुकानात आणि दुकानातून रस्त्यावर. पण भिंतीला लागून मास्तरांचं कापड बेतायचं टेबल. खिडकीचा सगळा उजेड त्यावर पडे. मास्तर म्हणाले, "टेबल हलणार नाही. बाजूला उरतं तेवढ्यात दार मी बेतून देतो."

आणि खरोखर बेतलं! पोरांना रांगेत उभं केलं. सगळ्यांत उंच पोराची उंची घेतली, सगळ्यांत गुबगुबीत पोराचे खांदे घेतले, वाढतं अंग म्हणून वर चार बोटं सैल ठेवली, आणि भिंतीवर शिंप्याच्या खडूने रेघ मारली. गवंडी, म्हणजे त्या गुबगुबीत पोराचा बाप, बघतच राहिला.

"मास्तर, हे दार म्हणायचं की खिडकी?"

"तू भिंत फोड. बेत माझा. कापड वाया घालवायचं नसतं."

"भिंत आहे ही, कापड नव्हे! आणि बाई कशा जातील?"

"तिचं माप मला तोंडपाठ आहे," मास्तर ऐटीत म्हणाले. "लग्नानंतरचे तिचे पहिले कपडे ह्या हातांनी शिवलेत."

गवंड्याने मान हलवली आणि फोडली भिंत. आता संसार झाला, नातवंड झालं, माणूस काय पहिल्या मापात राहतं? पण बाईंनी नवऱ्याला कधी कळूच दिलं नव्हतं. त्यांनी शिवलेलं त्या आनंदाने घ्यायच्या आणि दुपारी गुपचूप दोन्ही बाजूंनी उसवून सैल करायच्या.

वर्षभर सराव झाला. धाकट्या बाई घंटा वाजवायच्या, बाहेरचा वर्ग पुढच्या दाराने निघायचा, आतला वर्ग नव्या दाराने टेबलाला वळसा घालून भुर्रकन रस्त्यावर. मोठ्या बाई तिथे आधीच उभ्या असायच्या, एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजायला. सगळं कसं लोण्यातून सुरी फिरावी तसं.

साहेब पुन्हा आले, ते मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी. उंच, वाळकुडे, आणि चेहरा इस्त्री केलेला. एका पोरीला त्यांनी विचारलं, "शाळेत सगळ्यांत जास्त काय आवडतं?"

"घंटा."

"का गं?"

"सगळे पळतात ना!"

"मग वाजवा," साहेब म्हणाले. घंटा झाली, पोरं निघाली, बाई रस्त्यावर मोजून मोकळ्या झाल्या. मास्तर मिशीत हसले. साहेबांनी मात्र कपाळाला आठी घातली.

"आतल्या वर्गाच्या बाई कोण?"

"मीच की."

"मग तुम्ही आधीच बाहेर कशा? आग तुम्हाला आधी विचारून लागणार आहे का? बाई वर्गात हव्यात. सगळ्यांच्या शेवटी निघायला हव्यात. पुन्हा करा."

बाई आत गेल्या. घंटा झाली. पोरं गेली. आणि पोरांमागून बाई निघाल्या. एक खांदा दुकानात आला, दुसरा शाळेतच राहिला. आडव्या झाल्या, तर त्याहून घट्ट. वाकल्या, तर वर डोकं आपटलं.

"बाई, श्वास सोडा!" बाहेरून पोरं ओरडली.

"बाई, पोट आत!"

"आई, मी मागून ढकलू का?" सून आतून म्हणाली.

बाईंच्या डोळ्यांत आधी पाणी आलं. एवढ्या वर्षांची शाळा, आणि आपणच तिच्या दारात बूच होऊन बसलो! पण समोर मास्तर टेप हातात धरून असे उभे होते, की जणू चोरी त्यांनीच केली. बाईंना त्या चेहऱ्याचंच हसू फुटलं. हसल्या तशा आणखी रुतल्या. मास्तरांनी दार मोजलं, मग बायको मोजली.

"चार बोटं कमी पडलं," ते पुटपुटले.

"बाबा, वीतभर," सून म्हणाली.

ओढून, ढकलून, हसून बाई सुटल्या एकदाच्या. साहेबांची इस्त्रीसुद्धा जरा चुरगळली होती. पण ते म्हणाले, "बाई, हसू मलाही आलं, सही मात्र येणार नाही. पोरं सुटतील हो. तुम्ही अडकलात, तर ह्या पोरांना दुसऱ्या बाई मी कुठून आणून देऊ?"

बाईंचं हसू ओसरलं.

"मुदत आज संपते," साहेब पुढे म्हणाले. "मला अजून एक शाळा बघायची आहे. कचेरी बंद व्हायच्या आत ह्याच रस्त्याने परत जाईन. तेव्हा जे दिसेल ते लिहीन."

त्यांची पाठ वळली मात्र, मास्तरांनी बाह्या सारल्या. "बोलवा रे त्या गवंड्याला!"

गवंडी आला तो हसतच. "तेव्हाच म्हटलं होतं, खिडकी आहे!"

"टोमणे नंतर मार. वेळेत होईल का ते सांग."

"होईल. तुमचा हट्ट मला ठाऊक होता. तुळई मी मुळातच वर आणि लांब टाकलीय, खाली नुसत्या विटा रचून तुमचं माप काढलं. उतरवायला काय लागतं? पण मास्तर, दार रुंद केलं तर तुमचं टेबल दारातच येतं."

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. त्या टेबलावर मास्तरांचं सगळं आयुष्य गेलं होतं. बाई घाईने म्हणाल्या, "अहो, राहू द्या. दुसरं काहीतरी बघू."

"काय बघू? दुसरी भिंत आहे का?" मास्तरांनी टेबलाची एक कड धरली. "चल, धर पलीकडून. मागच्या पडवीत नेऊ."

"तिथे उजेड कुठाय? तुम्हाला दोरा दिसायचा नाही!"

"तू ओवून देशील. एवढी वर्षं मी बेतलेलं उसवत आलीस, आता ओवून दे!"

बाईंनी जीभ चावली. "म्हणजे तुम्हाला कळत होतं?"

"टाके माझे, मला कळणार नाहीत? मला वाटलं, सूत आकसत असेल."

मग काय विचारता! गवंडी विटा उतरवतोय, पोरं एकेक वीट हातोहात बाहेर देताहेत, सून बादलीतून पाणी मारतेय. विटांच्या धुळीने सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. शेजारपाजारच्या आया कामावरून परतल्या त्या पदर खोचून झाडायलाच लागल्या. बाई मनात देवाचं नाव घेत होत्या आणि तोंडाने "पायाखाली बघा रे!" ओरडत होत्या.

साहेब आले तेव्हा दाराच्या कडा अजून ओल्या होत्या. त्यांनी स्वतःच घंटेची दोरी ओढली. पोरं निघाली. त्यांच्यामागून बाई, आतल्या वर्गात एकदा चौफेर नजर फिरवून, सरळ, ताठ, दोन्ही खांदे एकदम बाहेर. आणि बाईंच्या मागून, न वाकता, बगलेत फाइल धरून, खुद्द साहेब.

दुकानात उभं राहून त्यांनी मोकळ्या जमिनीकडे बघितलं. फरशीवर टेबलाच्या पायांचे चार डाग होते. "इथे सकाळी काहीतरी होतं."

"माझं दुकान होतं," मास्तर म्हणाले. "आता वाट आहे."

खिडकीच्या कठड्यावर फाइल टेकवून साहेबांनी सही केली. 'नोंदणी कायम.' बाईंनी दोन्ही हात जोडले. साहेबांना की देवाला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पोरांना घरी जा म्हटलं तर जातात कुठली! पुढच्या दाराने आत, नव्या दाराने बाहेर, की पुन्हा पुढच्या दाराने आत. त्यांची नुसती गोल साखळी फिरायला लागली. मागे गवंडी, मागे आया. साहेबांना रस्त्यापलीकडच्या गाडीकडे जायचं होतं, पण साखळीत फट म्हणून मिळेना. एकदा पुढे झाले, मागे सरले. पुन्हा पुढे झाले. शेवटी घंटा आवडणाऱ्या त्या पोरीने त्यांचा हात धरला आणि ओढलं, "चला ना!" साहेबांनी फाइल मास्तरांच्या हातात दिली आणि पुढच्या दाराने आत शिरले.